घरटी एक वायर

शिरखार गावाच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात भिंतीवर एक भला मोठा पडदा टांगलेला आहे. पडदा म्हणजे कापडाचा नव्हे, कॉम्प्युटरचा मॉनिटर. पण आडवा एवढा की खाली उतरवायचा तर चार माणसं लागतात. गावात त्याला टीव्ही म्हणतात. विनिता म्हात्रे त्याला मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुंबईतलं कुठलंसं ऑफिस बंद पडलं तेव्हा गावच्या एका जावयाने तो तिथून उचलून गावाला भेट दिला होता. हारतुरे झाले, फोटो निघाले. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, म्हणून कुणी त्याच्या पाठीमागे डोकावून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं की चित्र आत घ्यायला त्याला एकच भोक आहे, आणि तेही असं की त्यात बसणारी वायर आज दुकानात मागितली तर दुकानदार वायर शोधायचं सोडून मागणाऱ्याकडेच बघत राहतो.

विनिता गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेला लॅपटॉप मिळाला त्या दिवसापासून गावातलं वीज लागणारं प्रत्येक यंत्र तिच्या गळ्यात पडलेलं आहे. कुणाचा मोबाइल रुसला, कुणाचा फॉर्म अडकला, की बाईंना बोलवा. ती जाते. तोंडाने कधी नाही म्हणत नाही, हीच तिची खोड. राग येतो, तो ती गिळते, आणि मग घरी भांडी जोरात आपटते.

पण त्या शुक्रवारचं काम तिचं स्वतःचं होतं.

गावाच्या पश्चिमेला खाडी, आणि खाडीला अडवणारा मातीचा बांध. सहा वर्षांपूर्वीच्या उधाणात तो फुटला आणि खारं पाणी अडतीस घरांच्या भातशेतीत शिरलं. तेव्हापासून ते दर उधाणाला येतं. गावाने अर्ज केले तर उत्तर आलं, की कागदावर ही जमीन आधीपासूनच पडीक आहे, मग बांध दुरुस्त कशासाठी करायचा? तेव्हा विनिताने हट्टाने एक उद्योग सुरू केला. बांधाशी खुणा केलेला एक खांब रोवला आणि दर अमावास्येला, दर पौर्णिमेला तिथे जाऊन पाणी कुठवर चढलं त्याचा फोटो काढला. तीन वर्षं. एकही तिथी चुकवली नाही. हे सगळं बघायला आज मुंबईहून बांधांच्या खात्याचे साहेब येणार होते. त्यांनी पाहणीचा शेरा मारला तर पावसाळ्याआधी काम व्हायची आशा. नाही मारला तर फाइल बंद.

आणि फाइल बंद झाली तर सोमवारी तिचा नवरा परेश अलिबागला जाऊन शेत विकायच्या करारावर सही करणार होता. धनेश नावाच्या दलालाने कागद तयार ठेवले होते. परेश उरणच्या बंदरातून कंटेनर ओढतो. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. त्याचं म्हणणं सरळ होतं. "खाऱ्या चिखलात आता काय पिकनार हाय? खेकडं?" जमिनीवर त्याच्या आईचंही नाव होतं. ठमाबाईने एवढंच सांगितलं होतं, "साहेब काय बोलतो ता आयकू. मंग मी सही करीन." म्हणजे सासूची सही, नवऱ्याची सही आणि विनिताची तीन वर्षं, सगळं त्या शुक्रवारच्या अकरा वाजताच्या सभेवर येऊन थांबलं होतं.

म्हणून तिने आदल्या शुक्रवारी तालीमही करून पाहिली होती. लॅपटॉप, पडदा, वायर, सगळं जोडलं. चित्र लख्ख आलं. वायर नीट गुंडाळून तिने खिळ्याला अडकवली आणि सरपंच कोकिळाताईंना दोनदा बजावलं, की हिला कुणी हात लावू नका.

शुक्रवारी दहा वाजता ती सभागृहात आली तेव्हा खिळा जागच्या जागी होता.

"वायर कुठे आहे, कोकिळाताई?"

कोकिळाताई खुर्च्या पुसून घेत होत्या. "ती व्हय? विनेशनं नेली. रेवदंड्याला हळद होती ना काल, त्याच्या पडद्याला लागत होती. आनून देतो बोलला."

विनेश म्हणजे गावातला डीजेवाला. हळदीच्या मांडवात नवऱ्यामुलाचे फोटो मोठ्या पडद्यावर फिरवायची टूम त्यानेच या भागात आणली. विनिताने डोळे मिटले. तीन वर्षांचं पाणी एका हळदीत वाहून गेलं होतं आणि कोकिळाताईंना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. गावची वायर, गावच्या माणसाने नेली.

तिने विनेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाचव्या वेळी त्याच्या बायकोने उचलला आणि सांगितलं, की ते रेवदंड्यालाच मांडवात झोपलेत, फोन माझ्याकडे आहे. मग धर्मा रिक्षावाल्याला पिटाळलं. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि मधे विनेशला उठवायला किती ते देव जाणे.

"दुसरी वायर नाय चालनार? ती बघ केवढी लांब हाय," कोकिळाताईंनी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

नाही चालणार, हे विनिताला माहीत होतं. पण का नाही चालणार हे सांगायचं म्हणजे रामायण. शाळेच्या लॅपटॉपला चपटं भोक. त्या जुन्या कॉम्प्युटरला निळं, पंधरा छिद्रांचं. भिंतीवरच्या पडद्याला पांढरं, छिद्रांच्या तीन रांगा आणि शेजारी एक आडवी खाच. तिन्हींचं काम एकच, कॉम्प्युटरातलं चित्र पडद्यावर न्यायचं, पण एकाचं तोंड दुसऱ्याला लागेल तर शपथ. दर काही वर्षांनी जगातली शहाणी माणसं म्हणे एकत्र बसतात आणि ठरवतात, की आजपासून सगळ्यांनी हेच वापरायचं. मग त्यातली अर्धी उठून जातात आणि आपलं निराळं काढतात. आमच्याकडे भावकीत भांडण झालं की जसं एकाच देवाचं दुसरं देऊळ उभं राहतं, तशी ही भोकं. तालुक्याच्या प्रशिक्षणात तिला ही सगळी नावं पाठ करायला लावली होती. तिथल्या सरांनी शेवटी सांगितलं होतं, की आता एक नवीन आलंय, यापुढे तेच कायम. वर्गात कुणीही ते वहीत लिहून घेतलं नव्हतं.

एवढा विचार करून ती म्हणाली, "नाही चालणार."

कोकिळाताई बाई कर्तबगार. हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तात नाही. शाळेतून आणलेल्या बुटक्या बाकावर विनिता लॅपटॉपची बॅग उघडते न उघडते तोच त्यांनी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला: "साहेब येत आहेत. वायर नाही. घरटी एक वायर घेऊन ताबडतोब सभागृहात या."

आता इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. खाडीकाठच्या या गावांत बांधाला भगदाड पडलं की पूर्वी दवंडी पिटायचे, आणि प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं घेऊन बांधावर हजर व्हायचा. याला जोळ म्हणतात. माणूस नाही आला तर त्या घराला गावात मान वर करायला जागा राहत नसे. पुढे जोळ मोडत गेली, बांधावर चिखलात उतरणारे मोजकेच उरले, पण "घरटी एक" हे दोन शब्द शिरखारच्या माणसाने ऐकले की तो ताटावरून उठतो. काय आणायचं, कशाला आणायचं, हा विचार मागाहून.

साडेदहापर्यंत सभागृहाच्या दारात चपलांचा ढीग लागला. वायरी येऊ लागल्या. मोबाइलचे चार्जर तर वीसएक असतील. मिक्सरची वायर आली, इस्त्रीची आली, तुटक्या डिश अँटेनाची आली. एका घरात कुणीच पुरुष माणूस नव्हतं, तर त्या बाईने चालू फ्रिजची काढायला घेतली होती, शेजारणीने वेळेवर थांबवलं. ऐंशी वर्षांचे दादू पाटील काठी टेकत आले आणि त्यांनी कुंपणाच्या तारेचं भेंडोळं टेबलावर ठेवलं. "नवी हाय. गंज नाय लागलेला," ते म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसून घाम पुसू लागले.

विनिताने प्रत्येक वायर हातात घेतली. घ्यावीच लागली, देणारा समोर उभा राहून तोंडाकडे बघत होता. ही नाही, काका. ही पण नाही, काकू. ही प्रिंटरची. ही कशाची आहे ते मलाही माहीत नाही. कुणी रागावलं नाही, कुणी परतही गेलं नाही. आपली वायर टेबलावर ठेवून प्रत्येक जण खुर्चीत बसला, आणि आपल्या घरचं आलं याचं समाधान प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. विनिताला रडू यायला लागलं होतं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. एवढी तत्परता या माणसांनी सहा वर्षांपूर्वी अर्ज लिहिताना दाखवली असती तर, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

बरोबर अकराला साहेब आले. पन्नाशीचे, चष्मा, हातात फाइल. त्यांना शहाळं दिलं, व्यासपीठावर बसवलं. ते म्हणाले, "मला दोनची रो-रो बोट गाठायची आहे. सुरू करू या."

विनिता कोकिळाताईंच्या कानाशी गेली. "ताई, मी साहेबांना लॅपटॉपवरच दाखवते ना. दहा मिनिटांचं काम आहे."

"येडी का तू?" कोकिळाताईंनी डोळे मोठे केले. "त्यांच्याच पत्रात लिवलाय, सादरीकरन पडद्यावर करावे. आनि येवढा मोठा मानूस काय पोरासोरांसारखा तुझ्या बाकावर येऊन बसंल? नाक कापशील गावाचं. थांब, वायर येते."

विनिता थांबली. साहेब मोबाइल बघत बसले. पडद्यावर निळ्या पाटीत "नो सिग्नल" ही अक्षरं इकडून तिकडे फिरत होती आणि सगळं गाव मान वळवून वळवून ती अक्षरं बघत होतं.

साडेअकराला कल्पिता आली. हमरस्त्यावर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिने पर्समधून अंगठ्याएवढा एक पांढरा ठोकळा काढला. "जुन्या सामानात होता. एका बाजूला निळ्या वायरचं तोंड, दुसऱ्या बाजूला तुमच्या टीव्हीसारखं. बघ बसतो का."

विनिताने तो हातात घेतला आणि क्षणभर तिला खरंच आशा वाटली, की फोटो पेनड्राइव्हने जुन्या कॉम्प्युटरात न्यायचे आणि तिथून पडद्यावर. मग तिने तो उलटा करून पाहिला. छिद्रांत जाणाऱ्या पिनांच्या तीन रांगा होत्या, शेजारी आडवी पट्टीही होती. पण पट्टीच्या वरखाली आणखी चार पिना होत्या. पडद्याच्या भोकाला त्या चौघींसाठी छिद्रंच नव्हती.

"हा नाही चालायचा," ती म्हणाली.

"का?" हे परेशने विचारलं. तो आतापर्यंत दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

"या चार पिना आहेत ना, त्यांच्यातून जुन्या पद्धतीचं चित्र जातं. या पडद्याला जुनं चित्र कळतच नाही, फक्त नवं कळतं. म्हणून त्याला ही छिद्रंच ठेवलेली नाहीत. चुकून कुणी घालू नये म्हणून मुद्दाम."

"चार पिनाच आडव्या येतात ना? दे इकडं."

"अहो, पिनांचा प्रश्न नाही. आत जाऊनही काही होणार नाही."

"आत तर जाऊ दे. मंग बगू."

तेवढ्यात साहेबांनी तिला हाक मारून गटनंबर विचारला. ती व्यासपीठाशी गेली, फाइल उघडली, नंबर दाखवला. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत परेशने रिक्षा स्टँडवरून पकड मागवली आणि चारी पिना दात उपटावेत तशा उपटून काढल्या. तरीही ठोकळा बसेना, कारण या जातीच्या ठोकळ्याची पट्टीही पडद्याच्या खाचेपेक्षा रुंद असते. ज्या कुणी हे ठरवलं त्यांनी जगभरातल्या सगळ्या आगाऊ माणसांचा विचार करून ती रुंद ठेवली होती. फक्त परेश म्हात्रेचा विचार करायचा राहिला होता. त्याने ट्रकच्या टायरला घालतात तसा तळहाताचा ठोसा घातला. ठोकळा अर्धा आत गेला. त्याने पकडीने स्क्रू आवळले.

विनिता वळली तेव्हा तो हात झटकत होता. "बसला," तो म्हणाला. "लाव तुझी निळी वायर."

जुना कॉम्प्युटर सुरू केला. वायर लावली. "नो सिग्नल" इकडून तिकडे फिरत राहिलं.

"काढा तो," विनिता म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता.

परेशने स्क्रू सोडले आणि ठोकळा ओढला. निघेना. पकडीने धरून हिसका दिला. ठोकळा निघाला. पट्टी आतच राहिली.

खाचेत तुटून रुतलेला तो पत्र्याचा तुकडा विनिताने मोबाइलच्या उजेडात पाहिला. सेफ्टीपिनने, केसातल्या चापाने, नखाने काढायचा प्रयत्न केला. जितकं टोकरावं तितका तो आत जात होता. मागून दहा माणसं सल्ले देत होती. दादू पाटील म्हणाले, कुंपनाची तार वापर.

तिने परेशला बाजूला घेतलं. "खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

 परेशच्या कपाळावर घाम होता आणि तळहात लाल झाला होता. "तुला असा वाटतंय?"

"मला काय वाटायचं ते वाटू दे. सोमवारचे कागद तयार आहेत ना तुमचे."

"कागद हायेत. पन ह्यो मी मुद्दाम नाय केला." एवढं बोलून तो पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. आणि विनिताला कळलं, की तो खरं बोलतोय. त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

साडेबाराला बाहेर रिक्षा थांबली. धर्मा आत आला, त्याच्यामागे डोळे चोळत विनेश, अंगावर हळदीचे डाग, आणि हातात वायर. तीच. एका टोकाला लॅपटॉपचं चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला पडद्याचं पांढरं. सभागृहात टाळ्या वाजल्या. विनेशने हात वर करून टाळ्या घेतल्यासुद्धा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि हे घोडं तर हळदीतून थेट आलेलं.

विनिताने वायर घेतली आणि पडद्याच्या खाचेला लावून बघितली. जाणार नाही हे माहीत होतं, तरी लावली. गावातली एकमेव बरोबर वायर तिच्या हातात होती आणि ती जिथे जायची ती जागा बुजलेली होती.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि फाइल मिटली. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. तुमची काही चूक नाही, तांत्रिक अडचण कुणालाही येऊ शकते. तुम्ही फोटो मेल करा. आजच्या अहवालात मी 'सादरीकरण होऊ शकले नाही' एवढं नमूद करतो. बाकी पुढे बघू."

पुढे म्हणजे कुठे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खुर्च्या सरकल्या. माणसं उठून टेबलाशी आली आणि आपापली वायर त्या गुंत्यातून ओढून काढू लागली. मागच्या रांगेत ठमाबाई उठली. लुगड्याचा पदर कमरेला खोचून ती सावकाश दाराशी गेली आणि मुलाला म्हणाली, "सोमवारी किती वाजता निंगाचा हाय?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजाराला कधी निघायचं विचारावं, तसं विचारलं तिने. ते वाक्य विनिताने ऐकलं आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं.

"साहेब, उठा," ती म्हणाली.

साहेब उठलेलेच होते, निघायला. ते थबकले. "काय?"

"तिथून खाली उतरा आणि इकडे या. या बाकावर बसा. तुम्हाला पडद्यावर बघायचंय, पडदा मेला. माझ्याकडे हा एवढाच आहे, चौदा इंचाचा. तुमची बोट दोनची आहे, आत्ता पाऊण वाजलाय. दहा मिनिटं मी गेले दीड तास मागतेय."

कोकिळाताईंनी तिचा दंड धरला. विनिताने तो सोडवून घेतला.  मुंबईहून आलेल्या साहेबांना गावातली एक शिक्षिका वर्गातल्या पोराला सांगावं तसं इकडे ये म्हणत होती. सगळ्यांना वाटलं, आता संपलं.

साहेबांनी फाइल खाली ठेवली, व्यासपीठावरून उतरले आणि शाळेच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले. चष्मा कपाळावर सरकवला. "दाखवा," ते म्हणाले.

तिने दाखवलं. आधी सात वर्षांपूर्वीचं भात, कमरेएवढं उभं. मग फुटलेला बांध. मग खांब आणि खांबावर चढणारं पाणी. चैत्र, वैशाख, आषाढ. प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, उंची. साहेब आधी नुसते बघत होते. मग पुढे वाकले. मग विचारू लागले. हा खांब कुणी रोवला? उंची कशावरून मोजली? जुन्या उघाडीच्या दगडावरून, ती म्हणाली, बांधातून पाणी सोडायचं दार होतं ना, त्याचा दगड अजून जागेवर आहे. साहेबांनी मान हलवली. अशी मान हलवली की विनिताला पहिल्यांदाच वाटलं, समोरचा माणूस या कामातला आहे.

"हे मला अकरा वाजताच का नाही दाखवलंत?" त्यांनी विचारलं.

 कोकिळाताई पंख्याकडे बघत होत्या.

"पुढचं मोठं उधाण कधी?"

"मंगळवारी. अमावास्या आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास पाणी पूर्ण भरेल."

साहेबांनी फाइल मागवून घेतली आणि बाकावरच ती उघडून लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, की प्रत्यक्ष पाहणी आवश्यक, मंगळवार. "दुरुस्तीच्या यादीत घेणं माझ्या एकट्याच्या हातात नाही," ते म्हणाले, "पण मंगळवारी मी बांधावर असेन. पुढे न्या फोटो, अजून आहेत ना?"

विनिता फोटो पुढे नेत होती तेव्हा तिला जाणवलं, की साहेबांच्या खांद्यामागे परेश उभा आहे. कधी येऊन उभा राहिला कळलंच नव्हतं. एका फोटोवर तो म्हणाला, "थांब."

त्या फोटोत भगदाडापाशी गुडघाभर चिखलात एक बाई उभी होती. डोक्यावर मातीचं घमेलं. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. लुगडं मांडीपर्यंत भिजलेलं.

"ही आई?"

"हो."

"कवाचा ह्यो?"

"पौष पौर्णिमा. यंदाची."

"येकटी?"

"घरटी एक बोलावलं होतं. सहा घरांतून माणसं आली, ती दुपारी गेली. या संध्याकाळपर्यंत माती टाकत होत्या. पुढच्या दोन उधाणांना आपल्या बाजूचं पाणी थांबलं होतं. मग परत गेलं वाहून."

साहेब मान न वळवता फोटोकडे बघत राहिले. परेशने खाली मान घातली. "तू मना का नाय सांगितला?" तो म्हणाला.

विनिताने त्याच्याकडे बघितलं. ओरडायला ती तयार होती, पण ओरडणं आलं नाही.

"त्याच दिवशी पाठवला होता हा फोटो तुम्हाला. तुम्ही अंगठा पाठवलात."

परेशने खिशातून मोबाइल काढला. तिच्या नावावर बोट ठेवलं आणि वर सरकवत गेला. फोटो, अंगठा. फोटो, अंगठा. खांब, पाणी, अंगठा. ठमाबाई, घमेलं, अंगठा. त्याने एकही फोटो उघडलेला नव्हता. लहान लहान चौकोनांवर, गाडी चालवताना, टोलनाक्यावर, जेवताना, नुसता अंगठा. तो सरकवत राहिला. तीन वर्षं सरकवायला बराच वेळ लागतो.

मग त्याने मोबाइल खिशात ठेवला, दाराशी जाऊन आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "सोमवारी नाय जायचा."

ठमाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "आनि मंगळवारी बांधावर?"

परेशला मंगळवारी बंदरावर गाडी भरायची होती. विनिताला ते माहीत होतं, ठमाबाईलाही माहीत होतं. त्याने आईची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याला उत्तर द्यायला किती वेळ लागतोय हे विनिता लॅपटॉपशी उभी राहून बघत होती, आणि या वेळी ती त्याच्या मदतीला जाणार नव्हती.